लाउडनच्या काउंटेसला तिच्या नावानं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पेशवाईच्या अखेरीवरचा मोठा लेख वाचला, एकदा नाही दोनदा वाचला. लेख खरंच मेहनतीनं लिहिलाय, खडकी, येरवडा, कोरेगाव, आष्टी सगळं तारखांसकट आलंय, आणि १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं तो भाग वाचताना आजही पोटात कालवतं. पण त्यात दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहायला बसले. एक म्हणजे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज म्हणून जो फोटो छापलाय तो वॉरन हेस्टिंग्जचा आहे. तो १७८५ मध्येच मायदेशी परत गेला होता. १८१७ चा हेस्टिंग्ज वेगळा, फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, आधी अर्ल ऑफ मॉइरा आणि मग मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज (अर्ल, मार्क्विस हे तिकडचे सरदारकीचे किताब). ही गल्लत शाळेच्या वर्गातसुद्धा होते, त्यामुळे तिच्याबद्दल फार तक्रार नाही.

दुसरी गोष्ट मात्र मनाला लागली. लेखात एका ओळीत "त्याची पत्नी लेडी हेस्टिंग्ज" असा उल्लेख आलाय आणि ती बाई तिथंच संपलीय. संपादक साहेब, त्या बाईचं नाव फ्लोरा म्यूर-कॅम्पबेल. ती लाउडनची काउंटेस होती, म्हणजे अर्लच्या दर्जाची सरदारीण, आणि ते टायटल तिला नवऱ्याकडून आलेलं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं, वयाच्या सहाव्या वर्षी मिळालेलं, लग्नाच्या अठरा वर्षं आधी. नवऱ्याचा हेस्टिंग्ज हा किताब १८१७ मधला आणि हिच्या घराण्याचं लाउडन हे टायटल १६३३ मधलं, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं जुनं, शिवाजी महाराज लहान मूल होते तेव्हाचं.

मला हे कसं माहीत तर मुलाच्या नोकरीमुळे मी काही महिने कोलकात्यात राहिले होते. तिथं पार्क स्ट्रीटच्या बाजूला मॉइरा स्ट्रीट, रॉडन स्ट्रीट, हंगरफोर्ड स्ट्रीट, लाउडन स्ट्रीट असे रस्ते जवळजवळ आहेत. लाउडन स्ट्रीटचं नाव आता डॉ. यू. एन. ब्रह्मचारी स्ट्रीट आहे, काळा आजारावर औषध शोधणारे ते डॉक्टर, त्यांचं नाव दिलं हे योग्यच झालं, पण टॅक्सीवाल्याला अजून लाउडन स्ट्रीटच सांगावं लागतं. तर हे लाउडन कोण म्हणून मी शोधायला लागले, मला वाटलं असेल कोणी साहेब, जनरल बिनरल, आणि निघाली ही बाई. आजूबाजूचे रस्ते नवऱ्याच्या घराण्याच्या नावांचे आणि त्यात हा एक हिच्या. तेव्हापासून जिथं जे मिळेल ते वाचत गेले, रात्री फोनवर वाचता वाचता चष्मा डोळ्यावर तसाच ठेवून झोपलेय कित्येकदा.

लाउडन हे स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला एअरशरमध्ये, गॉल्स्टन नावाच्या गावाजवळ. कॅम्पबेल घराण्याची ती शाखा. फ्लोराची आई रासे बेटावरच्या मॅक्लाउडांची मुलगी, तिचंही नाव फ्लोराच, दहा बहिणींतली थोरली. १७८० मध्ये ही मुलगी झाली आणि आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसात गेली. वडील जेम्स म्यूर-कॅम्पबेल, त्यांना चुलत भावाकडून १७८२ ला लाउडनची अर्लकी आली, पण सोबत पैशाच्या अडचणीही होत्या आणि १७८६ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. म्हणजे जेमतेम सहाव्या वर्षातली पोर, आई नाही बाप नाही भाऊ नाही बहीण नाही, आणि एअरशरची जमीन, किल्ला आणि टायटल तिच्या नावावर. तिची मावशी इझाबेला बहीण आणि मेहुणा दोघं गेल्यावर इतकी खचली की रॉबर्ट बर्न्स या स्कॉटलंडच्या सगळ्यात लाडक्या कवीनं तिच्या त्या दुःखावर एक गाणं केलं. ते गाणं आजही गातात. गाण्यात मावशीचं दुःख आहे, पण मला वाचताना सारखी ती एवढीशी मुलगी दिसत होती, तिला कोणी काय सांगितलं असेल, बाबा कुठं गेले म्हणून.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे नाहीतर आपल्या वाचकांना कळणार नाही की मुलीला टायटल मिळालंच कसं. इंग्लंडमधली बरीचशी टायटल्स फक्त मुलग्यांकडे जातात, मुलगा नसेल तर पुतण्या, चुलत भाऊ, लांबचा कोणीतरी पुरुष शोधतात आणि तोही नसेल तर टायटल संपतं. स्कॉटलंडच्या जुन्या टायटल्सपैकी काहींचा कागदच असा केलेला आहे की मुलगा नसेल तर मुलीकडे जावं. लाउडनचं त्यातलं. त्यामुळे फ्लोरा ही "काउंटेस" झाली ती अर्लची बायको म्हणून नाही, ती स्वतःच सहावी धनी, तिच्या आधी पाच अर्ल आणि सहावी ती. मात्र अधिकार अर्धाच, टायटल हातात पण बाई म्हणून ब्रिटिश संसदेतल्या लॉर्ड्सच्या सभागृहात बसता येत नाही, तो हक्क वारसानं टायटल मिळालेल्या बायकांना १९६३ च्या कायद्यानं मिळाला. ज्या मुलखात तिला सहाव्या वर्षी वारस मानलं त्याच मुलखातल्या दुसऱ्या एका सरदारानं, लॉर्ड डलहौसीनं, पुढे १८४८ मध्ये साताऱ्याची गादी औरस वारस नाही म्हणून खालसा केली, दत्तक मान्य केला नाही, हे आपण साताऱ्याकडची माणसं विसरू शकत नाही. आणि त्या डलहौसीला मुलीच होत्या, मुलगा नव्हता, त्यामुळे त्याचं स्वतःचं मार्क्विसचं टायटल १८६० मध्ये त्याच्याबरोबरच संपलं. हे विषय सोडून झालं, पण डोक्यात आलं ते लिहिलं.

१८०४ च्या जुलैमध्ये फ्लोराचं लग्न झालं. ती २३ वर्षांची आणि नवरा ४९ चा. तो तेव्हा स्कॉटलंडमधल्या फौजेचा मुख्य होता, अमेरिकेच्या लढाईत गाजलेला, युवराजाच्या खास गोटातला आणि हात फार सैल, कर्ज कायम डोक्यावर. आणि त्याचंही बघा, "हेस्टिंग्ज" हे नाव त्याला आईच्या माहेरावरून आलेलं, मामा वारला तेव्हा मामाची इस्टेट मिळाली म्हणून १७९० मध्ये त्यानं ते आडनाव लावलं, आणि त्याची आई एलिझाबेथ हीसुद्धा स्वतःच्या हक्कानं बॅरोनेस, तेही सरदारकीचंच टायटल. कोलकात्यातलं ते हंगरफोर्ड नाव आईकडच्या टायटल्सपैकीच एक. म्हणजे ज्या हेस्टिंग्ज नावाखाली आपण त्याच्या बायकोला झाकून टाकतो ते नावच मुळात एका बाईच्या वारशानं आलेलं आहे.

लग्नानंतर लाउडनचा जुना किल्ला पाडून वाढवून असा बांधायला घेतला की लोक त्याला स्कॉटलंडचं विंडसर म्हणायला लागले, नव्वदच्या वर खोल्या, मोठी लायब्ररी. पैसा संपला आणि काम पुरं झालंच नाही.

१८१३ मध्ये नवऱ्याला हिंदुस्थानची गव्हर्नर जनरलकी मिळाली आणि ती मुलांना घेऊन त्याच्याबरोबर कलकत्त्याला आली. आता माझा मुख्य मुद्दा. नवऱ्यानं इथं असताना मुलांसाठी म्हणून एक डायरी लिहिली, ती पुढे १८५८ मध्ये त्याच्या मुलीनं, सोफियानं, संपादित करून छापली. त्या डायरीत तो बायकोचा उल्लेख करताना "लेडी लाउडन" लिहितो. लेडी मॉइरा नाही, आणि लेडी हेस्टिंग्ज तर नाहीच. खुद्द नवरा, ज्याच्या नावावर अर्धा हिंदुस्थान होता, तो स्वतःच्या खासगी वहीत बायकोला तिच्याच टायटलनं लिहितो आणि आपण दोनशे वर्षांनी पुण्यात बसून ते पुसतो. मला हे बरोबर वाटत नाही.

१८१४ च्या जून अखेरीला ही सगळी मंडळी कलकत्त्याहून गंगेनं वर निघाली, २२० बोटींचा ताफा, पाटणा, बनारस, लखनौ, कानपूर, हरिद्वार, आग्रा असं करत सव्वा वर्षानं परत. बरोबर सीताराम नावाचा एक बंगाली चित्रकार होता, त्यानं वाटेत जे जे दिसलं ते रंगवलं. दहा आल्बम भरले, जवळजवळ २३० चित्रं. ती चित्रं दीडशेच्या वर वर्षं कुणाला माहीतच नव्हती, १९९५ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं विकत घेतली तेव्हा सीतारामचं काम खऱ्या अर्थानं जगासमोर आलं. नेटवर बघा, नक्की बघा, घाट, पडक्या मशिदी, वडाची झाडं, सकाळचं धुकं आणि त्यात लांबवर पसरलेले तंबू. फोटो यायच्या आधीचा आपला देश रंगात बघायला मिळतो. मुलांमधली थोरली, तिचंही नाव फ्लोरा, ती तेव्हा आठ वर्षांची. तिच्याबद्दल पुढे लिहायचंय म्हणून हे लक्षात ठेवा.

१८१६ मध्ये काउंटेस मुलांना घेऊन परत गेली. म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याकडे जे झालं, ५ नोव्हेंबरला खडकी, मग येरवडा, नागपूरला सीताबर्डी, डिसेंबरमध्ये महिदपूर, १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव, फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, त्या सगळ्यात ती इथं नव्हती. नवरा मात्र स्वतः फौज घेऊन बुंदेलखंडाकडे होता आणि त्याच्या छावणीत कॉलरा शिरून माणसं हजारांनी मेली. कंपनीनं त्याला बक्षीस म्हणून १८१९ मध्ये इस्टेट घ्यायला ६० हजार पौंड दिले. आपलं राज्य गेलं त्याची ती किंमत असं मी म्हणणार नाही पण आकडा वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले हे खरं. म्हणजे मी काही त्या घराण्याची भक्त नाही. पण नवऱ्याचा हिशोब नवऱ्याचा, बाईचा बाईचा.

पुढे ती पुन्हा हिंदुस्थानात आली. हैदराबादच्या पामर कंपनीच्या सावकारीच्या प्रकरणात नवऱ्याचं नाव खराब झालं, १८२३ मध्ये सगळे परत गेले, आणि कर्ज होतंच, म्हणून म्हातारपणी त्यानं माल्टाची गव्हर्नरी घेतली. २८ नोव्हेंबर १८२६ ला नेपल्सजवळ जहाजावर तो वारला. त्यानं सांगून ठेवलं होतं की माझा उजवा हात कापून ठेवा आणि बायको जाईल तेव्हा तिच्या शवपेटीत तिच्याबरोबर ठेवा. देह माल्टात पुरला, हात तेवढा स्कॉटलंडला आला. मला पहिल्यांदा वाचून शहारा आला, आपल्याकडे असं ऐकलेलं नाही. मग वाटलं की कर्जानं आणि बदनामीनं घेरलेल्या माणसाकडे द्यायला तेवढंच राहिलं असेल.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं ते.

थोरली मुलगी फ्लोरा हेस्टिंग्ज १८३४ पासून डचेस ऑफ केंटच्या पदरी होती, डचेस म्हणजे व्हिक्टोरिया राणीची आई. आई आणि मुलीचं पटत नव्हतं, राजवाड्यात दोन तट होते, आणि आईचा कारभारी सर जॉन कॉनरॉय राणीला डोळ्यासमोर नको असायचा. १८३९ च्या जानेवारीत फ्लोरा स्कॉटलंडहून परत आली, येताना त्या कॉनरॉयच्याच गाडीतून आली होती, आणि आल्या आल्या पोटात दुखतंय, पोट फुगलंय म्हणून तिनं राजवैद्य सर जेम्स क्लार्कला दाखवलं. तो धड तपासेना. पोट वाढत गेलं, बायका कुजबुजायला लागल्या, ३२ वर्षांची बिनलग्नाची मुलगी, पोट वाढतंय, एका गाडीतून आली, झालं, दोन अधिक दोन. १९ वर्षांच्या राणीनं स्वतःच्या डायरीत तसं लिहून ठेवलं. शेवटी क्लार्कनंच तिला तोंडावर विचारलं की तुझं चोरून लग्न झालंय का. १७ फेब्रुवारीला दोन डॉक्टरांकडून तिची तपासणी झाली, का तर तिला राजवाड्यात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती म्हणून. डॉक्टरांनी लिहून दिलं, गरोदर नाही, काही नाही. राणी भेटायला आली, डोळ्यात पाणी आणलं, आणि सगळ्यांना वाटलं विषय संपला.

आई तिकडे लाउडनला, ५८ वर्षांची, तब्येत बरी नाही. तिनं मार्चमध्ये राणीला पत्र लिहिलं. आणि पंतप्रधान मेलबर्नला लिहिलं की त्या डॉक्टरला काढा. मागणी एकच. मेलबर्नचं उत्तर आलं ते वाचून माझे कान तापले, त्यानं लिहिलं की आपली मागणी इतकी अभूतपूर्व आणि आक्षेपार्ह आहे की आपण स्त्री आहात, आपला दर्जा, घराणं आणि चारित्र्य बघूनसुद्धा मी पत्र पोचलं एवढ्या पोचपावतीपलीकडे काही देऊ शकत नाही, तेवढी देणं तरी योग्य आहे की नाही अशी शंका आहे. सहाव्या वर्षापासून काउंटेस असलेल्या बाईला हे उत्तर.

तिनं काय करावं? तिनं तो सगळा पत्रव्यवहार लंडनच्या मॉर्निंग पोस्ट या पेपरला छापायला दिला. आपलं पत्र, पंतप्रधानाचं उत्तर, सगळं. तिच्या आधी एका नातेवाईकानं खुद्द फ्लोरानं लिहिलेली हकीगत एक्झामिनर या पेपरात छापून आणली होतीच. त्या काळात खानदानी बाईनं आपल्या मुलीच्या पोटाची गोष्ट पेपरात देणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. झाकून ठेवली असती तर घराण्याची अब्रू राहिली म्हणाले असते आणि मुलगी मात्र जन्मभर "ती ती का" म्हणून राहिली असती. आईनं ओळखलं की अफवा ही बंद दारामागे वाढते, तिला उन्हात टाकली पाहिजे.

इथं मला माझ्या घरचं सांगू द्या. माझी आत्या वाईला शिक्षिका होती, लग्न झालेलं नव्हतं. १९७४ साली तिचं पोट असंच वाढायला लागलं. वाड्यातल्या बायका पाणी भरताना गप्प व्हायच्या ती आली की. एका डॉक्टरनं, नाव घेत नाही, ते आता हयातही नाहीत, सगळ्या पेशंटांसमोर दारातूनच विचारलं, लग्न झालंय का, मग कसं काय. मी तेव्हा पंधरा वर्षांची, आत्याचा हात धरून उभी होते, तिच्या हाताला घाम सुटलेला मला अजून आठवतो. पुण्याला नेलं तर अंडाशयात गाठ निघाली, नारळाएवढी. ऑपरेशन झालं, वाचली. त्यानंतर आजीनं काय केलं तर चाळीसेक पोस्टकार्डं आणली आणि माझ्या वडिलांना शेजारी बसवून सगळ्या नातेवाईकांना, शाळेच्या हेडमास्तरांना, वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक कार्ड लिहवून घेतलं, "चि. कुसुमच्या पोटात गाठ होती, ती ऑपरेशनने काढली, प्रकृती ठीक आहे, इतर जे काही आपण ऐकले असेल ते खोटे आहे." वडील म्हणाले, आई पाकिटात घालू, हे असलं उघड्यावर कशाला. आजी म्हणाली, पाकीट नको, कार्डच, पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचू दे. आजी चौथी शिकलेली. तिनं काही लाउडनच्या काउंटेसचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण मी जेव्हा कोलकात्यात त्या खोलीत बसून मॉर्निंग पोस्टचं वाचलं तेव्हा मला आजीचं ते पोस्टकार्डांचं गाठोडंच दिसलं, सुतळीनं बांधलेलं.

आमची आत्या वाचली. फ्लोरा वाचली नाही. आजार होताच पोटात, वाढत गेला. जूनमध्ये अॅस्कॉटच्या शर्यतीत लोकांनी राणीला हूट केलं, "मिसेस मेलबर्न" म्हणून ओरडले. ५ जुलै १८३९ ला फ्लोरा बकिंगहॅम राजवाड्यातच गेली, ३३ वर्षांची. मेल्यावर पोट उघडून बघितलं तर यकृत भयंकर वाढलेलं. मेलेल्या माणसाची तपासणी करून निर्दोष ठरवलं. शव बोटीनं स्कॉटलंडला नेलं, लंडनच्या रस्त्यावर पहाटेपासून लोक बघायला उभे होते. डॉक्टर क्लार्कला कोणी काढलं नाही, तो पुढे कितीतरी वर्षं राणीचा डॉक्टर राहिला.

लाउडनच्या जुन्या चर्चमध्ये मुलीला पुरलं. सहा महिन्यांनी, जानेवारी १८४० मध्ये, आईही गेली आणि तिथंच, मुलीजवळ, तिला ठेवलं, आणि तेरा वर्षं जपून ठेवलेला नवऱ्याचा हात तिच्याबरोबर ठेवला. त्या चर्चचे आता नुसते दगडी अवशेष उरलेत म्हणतात. किल्लाही १९४१ च्या डिसेंबरात जळाला, छप्पर गेलं, भिंती उभ्या आहेत. मधे तिथं जत्रेसारखं थीम पार्क होतं, झुले बिले, तेही २०१० ला बंद पडलं. फ्लोराच्या कविता बहीण सोफियानं १८४१ मध्ये छापल्या, म्हणजे वडिलांची डायरी पण तिनंच, बहिणीच्या कविता पण तिनंच. या घरात कागद जपायचं काम बायकांनी केलं.

आणि टायटलचं काय झालं ते सांगते कारण ते फार बोलकं आहे. मुलग्याला बापाचं हेस्टिंग्ज मिळालं आणि आईचं लाउडन मिळालं. त्याची मुलं, एक अठराव्या वर्षी बुडून मेला, दुसरा घोड्यांच्या शर्यतीत पैसे घालवून १८६८ मध्ये सव्वीसाव्या वर्षी गेला, आणि पुरुष वारस नाही म्हणून मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज हे टायटल, ज्याच्या नावानं आपण पेशवाईचा शेवट शिकतो, ते पन्नासएक वर्षांत कायमचं संपलं. लाउडन मात्र संपलं नाही. ते बहिणीकडे गेलं, इडिथकडे. पुढे १९२० मध्ये पुन्हा एका बाईकडे, १९६० मध्ये तिच्या मुलीकडे, बार्बराकडे, तेरावी काउंटेस. बार्बराचा मुलगा ऑस्ट्रेलियात जेरिल्डेरी नावाच्या छोट्या गावात राहायचा, चौदावा अर्ल, २०१२ मध्ये वारला, आता त्याचा मुलगा आहे. चार वेळा बाईच्या हातात जाऊन ते टायटल आज जिवंत आहे.

तर संपादक साहेब, माझी विनंती साधी आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या फोटोची दुरुस्ती तुम्ही छापालच, ती छापताना एक ओळ जास्तीची छापा. लेडी हेस्टिंग्ज या शब्दाच्या जागी फ्लोरा म्यूर-कॅम्पबेल, लाउडनची काउंटेस, असं लिहा. जागा कमी पडत असेल तर लेडी लाउडन एवढंसुद्धा पुरेल, नवरा डायरीत तेवढंच लिहायचा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
कोथरूड, पुणे